आधी माणसं उभी कुठं राहणार? आयझाय पुलाचं प्रकरण

दर शनिवारी संध्याकाळी कराडला आमच्या गच्चीवर सात-आठ मुलंमुली जमतात. कुणी स्थापत्य शाखेच्या शेवटच्या वर्षाला आहे, कुणी नुकतंच साईटवर रुजू झालंय. एक बांधकाम घ्यायचं आणि ते कसं उभं राहिलं हे शेवटच्या बोल्टापर्यंत उलगडायचं, एवढाच नेम. मागच्या खेपेला वाईच्या एका मुलीनं मोबाईलवर फिरत आलेला व्हिडिओ दाखवला. चीनच्या ग्वेझोऊ प्रांतातला हुआज्यांग दरीवरचा झुलता पूल, 28 सप्टेंबर 2025 ला वाहतुकीला खुला झालेला. नदीपासून उंची 625 मीटर, दोन मनोऱ्यांमधलं अंतर 1420 मीटर. खाली कुणीतरी लिहिलं होतं, "आंबेनळी घाटात असा पूल का बांधत नाहीत?"

प्रश्न मनापासूनचा होता. त्याचं उत्तर शोधायला मी मात्र हुआज्यांग बाजूला ठेवून त्याच्याहून जुना आणि लहान पूल घेतला, हुनान प्रांतातला आयझाय. तिथं अडचण एकच होती आणि ती अगदी उघडी होती. तिच्यावर काढलेला मार्ग एकदा समजला की दरीवरच्या कुठल्याही पुलाकडं बघायची नजर बदलते. माझी तरी बदलली.

त्याआधी माझी एक चूक सांगतो, कारण हे प्रकरण मला का लागलं ते त्याशिवाय कळणार नाही. नोकरीच्या सुरुवातीला पाटण तालुक्यात एका ओढ्यावर लोखंडी साकव उभारायचं काम माझ्याकडं होतं. अठरा मीटरचा सांगाडा, नकाशा चोख, गणित दोनदा तपासलेलं. सांगाडा वर्कशॉपमध्ये तयार झाला, ट्रकवर चढला आणि घाटाच्या तिसऱ्या वळणावर अडकला. ट्रक वळेना, क्रेन तर त्याच्याही मागं. शेवटी सांगाडा मधोमध कापला आणि साईटवर भर पावसात वेल्डिंग करून पुन्हा जोडला. दोन पावसाळ्यांत मध्यभागी तो इतका बसला की उतरवावा लागला. आमच्या उभारणीच्या टोळीचे म्होरके, सगळे त्यांना अण्णा म्हणत, पहिल्याच दिवशी नकाशा बघून म्हणाले होते, "साहेब, लोखंडाचं ऱ्हाऊ द्या. आधी माझी मान्सं उभी कुठं ऱ्हाणार ते दावा." मी तेव्हा ऐकून घेतलं आणि सोडून दिलं.

आयझायच्या अभियंत्यांनी हाच प्रश्न नकाशा काढायच्या आधी स्वतःला विचारला होता, असं मला त्यांचं काम बघून वाटतं.

जागा

हुनानच्या पश्चिमेला जिशोऊ शहराजवळ देहांगची दरी आहे. दोन्ही बाजूंना तुटलेले कडे, तळाला ओढा आणि मियाओ लोकांची वस्ती. या भागातून जिशोऊ ते चादोंग हा चौपदरी द्रुतगती मार्ग न्यायचा होता. जुना रस्ता 1930 च्या दशकातला, तेरा तीव्र वळणं घेत कड्याला चिकटून चढणारा. वाईजवळचा पसरणी घाट चढलेल्या माणसाला त्याचं चित्र लगेच डोळ्यांपुढं येईल, फक्त पसरणीपेक्षा तो कितीतरी उभा आहे. ही दरी ओलांडायला गाडीला अर्धा तास लागायचा, आता मिनिटभर लागतं.

नवा मार्ग एका कड्यातल्या बोगद्यातून बाहेर पडतो, दरी ओलांडतो आणि समोरच्या कड्यातल्या बोगद्यात शिरतो. दोन मनोऱ्यांमधलं अंतर 1176 मीटर. तळापासून रस्त्याची उंची सव्वातीनशे मीटरांहून अधिक. कोयना धरण 103 मीटर उंच आहे. तशी तीन धरणं एकावर एक रचली तरी वर जागा उरेल. काम 2007 मध्ये सुरू झालं आणि 31 मार्च 2012 ला पूल वाहतुकीला खुला झाला.

आकडे इथंच सोडू. खरी गोष्ट दरीच्या मधोमध आहे.

झोळ आणि ओढ

झुलत्या पुलाचं मर्म वाळत घालायच्या दोरीत आहे. दोरी जितकी ताठ बांधाल तितकी ती खुंट्यांना जास्त ओढते. हिशोब सोपा आहे. दोरीवर सारखं पसरलेलं एकूण वजन 100 टन असेल आणि मधला झोळ अंतराच्या दहाव्या हिश्श्याएवढा असेल, तर टोकाची आडवी ओढ 125 टन. झोळ शंभराव्या हिश्श्यावर आणला तर तीच ओढ 1250 टन होते. वजन तेच, ओढ दहापट. म्हणून झुलत्या पुलाच्या मुख्य तारांना मोठा झोळ देतात, तो झोळ मावावा म्हणून मनोरे उंच ठेवतात, आणि त्या तारांची टोकं डोंगराच्या पोटात काँक्रीटच्या प्रचंड ठोकळ्यांना किंवा खडकात गाडून टाकतात.

हे सांगत असताना तासगावचा एक मुलगा मध्येच म्हणाला, "सर, ही द्राक्षबागेची गोष्ट झाली. कडेच्या खांबाची तार जमिनीत पुरलेल्या दगडाला ताणून बांधलेली नसली, तर एका रात्रीत मांडव आडवा होतो." अगदी बरोबर. पुलाचं अँकरेज म्हणजे मांडवाच्या शेवटच्या खांबामागचा तोच पुरलेला दगड. त्या मुलाचं हे वाक्य पुढं फार उपयोगी पडलं.

मुख्य तारा दरीवरून नेणं ही स्वतंत्र कसरत असते. पहिली दोरी पलीकडं गेली की तिच्या मदतीनं जाड दोरी, तिच्या मदतीनं वायररोप, असं वाढवत नेता येतं. पण ती पहिली दोरी? नायगारावर 1848 मध्ये ती पतंगानं गेली होती. सोळा वर्षांच्या एका मुलानं दरीपलीकडं पतंग पोचवला आणि त्याच्या दोऱ्यावरून पुलाचं काम सुरू झालं. हुबेई प्रांतातल्या सिदू पुलावर 2006 मध्ये चिनी अभियंत्यांनी ती अग्निबाणाला बांधून उडवली. दरी जवळपास पाचशे मीटर खोल, कड्यांवर दाट रान, आणि दोरी हातानं ओढत खाली नेऊन पुन्हा वर चढवणं जवळजवळ अशक्य. मुलांना ही गोष्ट सर्वांत जास्त आवडते, मलाही. पण पहिली दोरी हलकी असते. जड काय असतं ते त्यानंतर येतं.

शंभर टनांचा तुकडा

आयझायचा रस्ता पोलादी सांगाड्यावर आहे. सांगाडा सुमारे 1000 मीटर लांब, साडेसात मीटर उंच, सत्तावीस मीटर रुंद. तो जवळपास सत्तर तुकड्यांत बसवला. एकेक तुकडा साधारण 14.5 मीटर लांब आणि वजनाला शंभर टनांच्या पुढं. मुख्य तारा जागेवर आहेत, त्यांच्यापासून खाली सोडलेल्या हँगरच्या तारा लोंबत आहेत. आता हा तुकडा दरीच्या मधोमध नेऊन त्या हँगरना अडकवायचा. कसा?

मी मुलांना इथं थांबवलं आणि अर्धा तास दिला.

पहिलं उत्तर पाटणच्या मुलाचं. "खालनं उचलायचं की सर. वर विंच लावायचा आणि घ्यायचा ओढून." बहुतेक मोठ्या पुलांवर हेच करतात. इंग्लंडमधला सेव्हर्न पूल 1966 मध्ये झाला, त्याचे पोलादी पेटीसारखे तुकडे नदीतून तरंगत आणले आणि जागेवर सरळ वर उचलले. पण तिथं खाली मोठी नदी आहे. आयझायच्या तळाला ओढा, घरं आणि तोच वळणांचा जुना रस्ता. सत्तावीस मीटर रुंदीचा सांगाडा त्या रस्त्यानं खाली उतरणार नाही. माझा साकव तर अठरा मीटरचाच होता.

दुसरं उत्तर, एका टोकापासून सुरुवात करायची. कड्यावर क्रेन ठेवायची, पहिला तुकडा जोडायचा, क्रेन त्याच्यावर सरकवायची, पुढचा जोडायचा. 1937 चा गोल्डन गेट पूल जवळपास असाच, मनोऱ्यांपासून पुढं पुढं सरकत बांधला. चालतं. पण एका वेळी एकच तुकडा, प्रत्येकाची जुळवणी हवेत. शिवाय झुलत्या तारेवर वजन टोकाकडून वाढत गेलं की तारेचा आकार बदलत राहतो. आज जोडलेला सांधा उद्या वेगळ्याच कोनात असतो.

तिसरं, वर आणखी एक तात्पुरता तारमार्ग टाकायचा, त्यावरून टांगून न्यायचं. केबल क्रेन म्हणतात ती हीच. दरीतल्या पुलांवर ती खूप वापरली जाते. पण हजार मीटरच्या अंतरावर, मध्ये कुठंही आधार नसताना शंभर टनांचं ओझं वाहायचं तर त्या तात्पुरत्या तारांची ओढ किती येईल? मघाचा हिशोब आठवा. एका पुलासाठी दुसरा छोटा झुलता पूलच बांधण्यासारखं ते होतं.

आयझायला जे केलं ते असं. हँगरच्या तारा तशाही जागेवर होत्याच. त्यांच्या खालच्या टोकांना धरून दरीच्या या कड्यापासून त्या कड्यापर्यंत आडव्या तारा ताणल्या. या झाल्या रूळ. त्यावर चाकांच्या गाड्या, गाड्यांना टांगलेला सांगाड्याचा तुकडा. कड्यावर तुकडा जोडून तयार करायचा, गाडीला टांगायचा आणि दोन्ही बाजूंच्या दोऱ्यांनी ओढत, रोखत दरीच्या मधोमध न्यायचा. जागा आली की वर घेऊन कायमच्या हँगरना अडकवायचा. सुरुवात मधूनच करायची आणि दोन्ही टोकांकडं येत जायचं, म्हणजे आधी बसवलेला तुकडा पुढच्याच्या वाटेत येत नाही.

क्षणभर कुणी बोललं नाही. मग तासगावचा मुलगा म्हणाला, "सर, मांडवाचीच तार की ही. फक्त खांब खालनं नाहीत, वरनं लटकलेत."

याहून नेमकं मला सांगता आलं नसतं. द्राक्षाच्या मांडवात तार शंभर फूट लांब असली तरी घडांच्या भारानं ती जमिनीला टेकत नाही, कारण तिला दर काही फुटांवर खांब आहे. तिच्या दृष्टीनं अंतर शंभर फूट नसतंच, दोन खांबांमधलं असतं. आयझायच्या रुळाच्या तारेचंही तेच. तिला हजार मीटर एकटीनं पेलायचे नव्हते. दर हँगरपाशी तिला आधार होता, म्हणून ती फार झोळ न घेता शंभर टन वाहू शकली. आणि तो तुकडा वाटेत ज्या हँगरवर भार टाकत जातो, ते हँगर मुळातच असल्या तुकड्याचं वजन जन्मभर धरण्यासाठी बनवलेले. जास्तीचं बळ कुठूनही उसनं आणावं लागलं नाही. उभारणीचं सामान म्हणून पूलच वापरला.

माणसं उभी कुठं राहिली? बहुतेक काळ कड्यावर, घट्ट जमिनीवर. तुकडा जोडायचं, तपासायचं, रंगवायचं काम तिथंच झालं. दरीवर जायचं ते फक्त शेवटच्या अडकवणीला. अण्णांना हे दाखवायला ते आज असायला हवे होते, असं मला त्या संध्याकाळी फार वाटलं.

डोंगराला हात न लावणं

आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. मनोऱ्यांमधलं अंतर 1176 मीटर आणि सांगाडा सुमारे 1000 मीटर. मग उरलेले पावणेदोनशे मीटर कुठं गेले?

सर्वसाधारण झुलत्या पुलात रस्ता मनोऱ्याच्या पायांमधून जातो. आयझायला मनोरे वर डोंगरावर मागं सरकवलेत आणि रस्ता त्यांच्या पायाखालून, बोगद्यातून येऊन थेट कड्याच्या तोंडाशी बाहेर पडतो. एका बाजूचा मनोरा दुसऱ्याच्या जवळपास दुप्पट उंच, कारण डोंगर जसा आहे तसा स्वीकारला. मनोरे कड्याच्या कडेशी आणले असते तर कडा तासावा लागला असता, तो ढासळायची भीती वेगळी. हे सगळं टळलं. किंमत म्हणून एक नवीन अडचण आली. मनोऱ्यापासून पहिल्या हँगरपर्यंत मुख्य तारेचा लांब भाग मोकळा राहतो, त्यामुळे टोकाच्या हँगरवर ताण कमी-जास्त होऊन तो थकतो. मग तिथं उलट दिशेच्या तारा घातल्या. त्या मुख्य तारेला खाली, खडकात ओढून धरतात.

खडकही सरळ नव्हता. चुनखडीच्या जातीचा, पाण्यानं पोखरलेला. मनोऱ्याच्या पायात पोकळ्या आणि भेगा निघाल्या, त्या भरून काढाव्या लागल्या. आपल्याकडच्या काळ्या पाषाणात अशा गुहा नसतात, पण सह्याद्रीतल्या लाव्हाच्या दोन थरांमध्ये अनेक ठिकाणी तांबड्या, मऊ मातीचा पट्टा असतो आणि माथ्यावर जांभा. घाटात रस्ता तोडलेला असतो तिथं ती लाल रेघ स्पष्ट दिसते. पाणी तिथूनच पाझरतं. पाया कुठं ठेवायचा हे ती रेघ ठरवते. त्यात कोयनेचा 11 डिसेंबर 1967 चा भूकंप आपल्या आजीआजोबांच्या आठवणीत अजून ताजा आहे.

वाऱ्याबद्दल थोडंच सांगतो. अमेरिकेतला टॅकोमा पूल 1 जुलै 1940 ला सुरू झाला आणि 7 नोव्हेंबरला, ताशी साधारण 65 किलोमीटरच्या वाऱ्यात पिळवटून खालच्या सामुद्रधुनीत पडला. त्याच्या रस्त्याच्या कडा भरीव आणि जेमतेम अडीच मीटर उंच होत्या. आयझायचा सांगाडा जाळीसारखा मोकळा आणि तिप्पट उंच आहे ते यासाठीच. दरीत मात्र वारा समोरून येतो असं धरता येत नाही. पावसाळ्यात सडावाघापूरला जाऊन या, धबधब्याचं पाणी उलटं वर उडताना दिसेल. कड्यावर आदळलेला वारा असाच वर चढतो आणि पुलाला खालून, तिरका धरतो. प्रयोगशाळेतल्या वाऱ्याच्या बोगद्यात (विंड टनेल) पुलाची प्रतिकृती तपासताना हा तिरका वारा वेगवेगळ्या कोनांतून घालून बघावा लागतो.

मग आंबेनळी?

आता त्या वाईच्या मुलीच्या प्रश्नाकडं. मी तिलाच फळ्यावर दोन रेघा काढायला लावल्या. आयझायचे दोन कडे जवळपास एका उंचीवर. हुआज्यांगचेही तसेच. पूल दोन सारख्या उंचीच्या जागा जोडतो. आंबेनळीत एका टोकाला महाबळेश्वर, समुद्रसपाटीपासून साडेतेराशे मीटरच्या आसपास, आणि दुसऱ्या टोकाला पोलादपूर, जवळजवळ कोकणच्या तळाला. तिथं दरी ओलांडायची नसून हजार मीटरांहून जास्त उंची उतरायची आहे. द्रुतगती मार्गाला शंभर मीटरला चार मीटर उतार दिला तरी ती उंची उतरायला पंचवीस किलोमीटरांहून जास्त रस्ता लागतो. तो रस्ता पूल देऊ शकत नाही. तो डोंगरातून वळत, बोगद्यांतूनच मिळवावा लागेल, आणि जुलै 2021 मध्ये महाबळेश्वरला एका दिवसात 594 मिलिमीटर पाऊस पडला होता, तेव्हा आंबेनळीचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय. तिथं पैसे घालायचे तर कडा धरून ठेवण्यात, पाण्याला वाट देण्यात घाला, असं माझं स्पष्ट मत आहे. पाचशे मीटर उंचीच्या पुलाचा फोटो छान येईल, पण त्या घाटातून एसटीनं जाणाऱ्या माणसाच्या डोक्यावरचा दगड तसाच राहील.

मुलगी थोडी हिरमुसली. मग तिनंच विचारलं, "सर, मग आपल्या जिल्ह्यात सारख्या उंचीचे दोन काठ कुठं आहेत?"

कोयनेच्या फुगवट्यावर आहेत. धरणाच्या शिवसागर जलाशयामुळे तापोळा, बामणोली आणि पलीकडची गावं पाण्याच्या दोन बाजूंना तुटून राहिली. माणसं लाँचनं जातात, गाड्या तराफ्यावर चढवून नेतात. बाळंतीण असो नाहीतर आजारी म्हातारा, रात्री पलीकडं जायचं तर तराफेवाल्याला उठवावं लागतं. पूल हवा तो इथं, आणि तो जगातला सर्वांत उंच असायची काही गरज नाही. गंमत अशी की इथं पाणी खाली आहे. म्हणजे पाटणच्या मुलाचं पहिलं उत्तर, खालनं उचलायचं, आयझायला चुकलं ते इथं बरोबर ठरू शकतं. फक्त पावसाळा ते उन्हाळा पाण्याची पातळी किती खाली-वर होते आणि तेवढं वजन तरंगत येऊ शकतं का, हे आधी बघायला हवं.

म्हणून पुढच्या शनिवारी गच्चीवर न जमता आम्ही बामणोलीला गेलो. मुलांनी तराफ्याची लांबी-रुंदी मोजली, एक जीप चढायच्या आधी आणि चढल्यावर तो किती बुडाला त्याची दोन्ही मापं घेतली आणि काठावरच वहीत गणित मांडलं. पाटणच्या मुलानं तराफेवाल्या काकांना विचारलं, "काका, शंभर टनाचं लोखंड न्यायचं झालं तर?"

काका पाण्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "न्यू की. पर त्ये काठावर आणणार कुठनं, त्यो रस्ता बगितला का तुम्ही?"

मुलांनी वह्या मिटल्या आणि आम्ही सगळे मागं वळून, आलो होतो त्या वळणांच्या रस्त्यावर टेप घेऊन चालत निघालो.